टॉवरचा एकच दिवा

एका छोट्या एफएम केंद्राची मालकी नुकतीच बदलली होती आणि नव्या मालकांनी मला सिग्नलच्या मोजणीसाठी बोलावलं होतं. विक्रीच्या कागदांसोबत त्यांना कव्हरेजचा, म्हणजे केंद्र कुठवर ऐकू येतं याचा नकाशा मिळाला होता. मधोमध टॉवर, भोवती निळं वर्तुळ. पण वर्तुळाच्या पूर्वेकडच्या गावांतून तक्रारी यायच्या, आणि तिकडचे जाहिरातदार पैसे द्यायला तयार नव्हते.

"१ किलोवॉटच्या जागी २ किलोवॉटचा ट्रान्समीटर बसवू," मालक म्हणाले. "मॅडम, परवानगीच्या अर्जाला जोडायला तुम्ही आकडे काढून द्या."

हे मी पुष्कळ केंद्रांवर ऐकलंय. शक्ती दुप्पट केली की पल्ला दुप्पट होईल, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात सिग्नल किती पटीने वाढला-घटला हे मोजायचं आमचं माप डेसिबल, आणि त्यात दुप्पट शक्ती म्हणजे जेमतेम ३. मोकळ्या अवकाशातसुद्धा दुप्पट अंतर गाठायला चौपट शक्ती लागते, आणि जमिनीवर, डोंगर-इमारतींमधून, त्याहून जास्त. शिवाय तुमची शक्ती वाढली की लांब त्याच फ्रिक्वेन्सीवर बोलणाऱ्या दुसऱ्या केंद्राच्या श्रोत्यांचं नुकसान होतं. एफएमचा रिसीव्हर दोन सिग्नलांपैकी जोरकस सिग्नल धरतो आणि दुसरा दाबून टाकतो. म्हणून तर परवान्यात शक्ती, अँटेनाची उंची, दिशा, सगळं लिहिलेलं असतं.

सकाळी टॉवरपाशी पोचलो तेव्हा दाट धुकं होतं. आधी ट्रान्समीटर पाहिला. पुढे जाणारी शक्ती १००० वॉट, परत येणारी ४ वॉट. म्हणजे केबल ठीक, अँटेनाही जुळलेली. एकावर एक चार भाग बसवलेली अँटेना होती. तिचा फायदा धरून आणि केबलमधली घट वजा करून हवेत जाणारी परिणामकारक शक्ती दीड किलोवॉटच्या आसपास भरत होती. कागदावरही तेच. केंद्रावरचा तरुण तंत्रज्ञ माझ्यासोबत गाडीत बसला आणि आम्ही निघालो.

आमच्या गाडीवर १० मीटरपर्यंत उचलता येणारा खांब आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत एफएमचं क्षेत्रबल, म्हणजे त्या जागी पोचणाऱ्या सिग्नलचा जोर, याच उंचीवर धरतात. ग्रामीण भागात स्टिरिओ नीट ऐकू यायला ५४ हवेत आणि मोनोला ४८. एकक आहे एक मायक्रोव्होल्ट प्रति मीटरच्या तुलनेत डेसिबल, पण आम्ही नुसता आकडाच बोलतो.

पहिल्या ठिकाणी गणिताने ७१ यायला हवे होते, आले ६७. दुसऱ्या ठिकाणी ४ कमी, तिसऱ्या ठिकाणी ५. एखाद-दुसऱ्या ठिकाणी कमी आलं तर झाडं असतात, पत्र्याचं छप्पर असतं, परावर्तन असतं. पण दुपारपर्यंत चौदा ठिकाणं झाली आणि उघड्या माळावरसुद्धा तोच ४-५ चा खड्डा. मीटर तपासला, खांबाची केबल बदलून पाहिली. फरक नाही. ट्रान्समीटरमधून शक्ती पूर्ण निघते, अँटेना ती परत पाठवत नाही, मग वाटेत कुठे मुरते? मला जेवण सुचेना. तंत्रज्ञ म्हणाला, "मॅडम, म्हणूनच सर २ किलोवॉट म्हणतायत ना." त्याच्या बोलण्यात चूक नव्हती, पण कारण न कळता इलाज करणं मला कधीच पटलेलं नाही.

दिवेलागणीला डोंगरामागच्या गावात शिरलो. टॉवरपासून २२ किलोमीटर, निळ्या वर्तुळाच्या अगदी आत. मीटरवर ३८. एका घरात शिलाई मशीन चालू होतं आणि खिडकीत एरियल ताणलेला रेडिओ होता, बंद. मी विचारलं, "मावशी, हे केंद्र लागतं का हो?"

"लागायचं की. पाच वर्षांमागं दिवसभर लावून ठेवायचे. आता नुसती खरखर." तिने मशीन थांबवलं. "आणि गंमत बघा ताई, टॉवर तर दिसतो मला. रात्री शिवायला बसते ना, तो बघा दिवा."

मी खिडकीपाशी गेले. डोंगराच्या काळ्या कडेच्या अगदी वर एक लाल ठिपका. एकच.

मी बराच वेळ तशीच उभी राहिले. उंच टॉवरवर विमानांसाठी शेंड्याला दिवा असतो आणि मधल्या उंचीवरही असतात. मधले दिवे डोंगराआड, शेंड्याचा मात्र दिसतोय. एफएमच्या लहरी साधारण ३ मीटर लांबीच्या. त्या डोंगराला थोड्या वळसा घालतात, पण बव्हंशी उजेडासारख्याच सरळ जातात. टॉवर १०५ मीटरचा, अँटेना परवान्यानुसार १०० मीटरवर, म्हणजे त्या दिव्याच्या जेमतेम ५ मीटर खाली. दिवा दिसत असेल तर अँटेनाही डोंगराच्या कडेला घासून का होईना दिसायला हवी. नुसतं घासून गेल्याने ६ डेसिबल जातात. इथे त्याच्या तिप्पट गेले होते.

अँटेना तिथे नव्हतीच.

परत येईपर्यंत मी गाडीत फारसं बोलले नाही. टॉवरखाली उभं राहून जोरदार टॉर्चने वर पाहिलं. अँटेना निम्म्याहून थोडी वर, आणि वरच्या भागात मोबाइलचे पॅनेल आणि मायक्रोवेव्हचे गोल ढोल. तंत्रज्ञ म्हणाला, "मी आलो तेव्हापासून अशीच आहे." कपाटातली जुनी नोंदवही काढली. दीड तासाने पान सापडलं: वरची जागा भाड्याने दिली, अँटेना ६० मीटरवर घेतली. परवान्यात बदल करून घेतल्याचा एकही कागद नव्हता. नकाशा मात्र १०० मीटरचाच विकला गेला होता.

मालक रात्री नऊला आले. मी त्यांच्यासमोर गणित मांडलं. सपाट भूभागावर क्षेत्रबल साधारण अँटेनाच्या उंचीच्या प्रमाणात राहतं. १०० वरून ६० म्हणजे साडेचार डेसिबलची घट. दुप्पट ट्रान्समीटर देणार ३. म्हणजे नवं यंत्र, वाढलेलं वीजबिल, सगळं करूनही तुम्ही पाच वर्षांपूर्वीच्या जागी पोचत नाही. रेडिओचं क्षितिज, म्हणजे पृथ्वीच्या गोलाईआड जाण्याआधी लहरी जिथवर पोचतात ते अंतर, घटतं ते वेगळंच. किलोमीटरमधलं हे अंतर मीटरमधल्या उंचीच्या वर्गमुळाच्या सुमारे ४.१ पट येतं. १०० मीटरला ४१, ६० मीटरला ३२. आणि डोंगरामागच्या गावाला तर यंत्र कितीही मोठं आणा, त्यांच्या आणि अँटेनाच्या मध्ये खडक आहे.

ते बराच वेळ नोंदवहीच्या पानाकडे पाहत होते. मग विचारलं, "भाड्याचा करार किती दिवसांचा आहे?"

अजून दोन वर्षं होती. भाडं केंद्राच्या खर्चाचा मोठा भाग उचलत होतं, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. त्या रात्री त्यांनी दोन गोष्टी ठरवल्या. ट्रान्समीटरची मागणी रद्द, आणि नियामकाला खरी उंची कळवायची. मला म्हणाले, "खरा नकाशा काढून द्या. जाहिरातदारांना तोच दाखवीन." मी काढला. त्यात वर्तुळ नव्हतं. पश्चिमेला फुगलेला, पूर्वेला डोंगराने कुरतडलेला आकार होता, आणि शिलाई मशीनवालं घर त्याच्या बाहेर पडत होतं. इतक्या वर्षांत मी काढलेला हा सर्वांत प्रामाणिक नकाशा असावा. तो काढताना मात्र माझा हात जड झाला होता.

त्या घरी मी परत गेले. गाडीत तीन दांड्यांची जुनी यागी अँटेना पडून होती, तोंड असेल त्या दिशेचा सिग्नल जास्त धरणारी. मावशीच्या भाच्याने ती छपरावर बांबूला बांधली, तोंड लाल दिव्याकडे. रेडिओच्या मागे स्टिरिओ-मोनोचं बटण होतं, ते मोनोवर ढकललं. कमकुवत सिग्नलवर स्टिरिओची खरखर मोनोपेक्षा सुमारे २० डेसिबलने जास्त असते, हे पुष्कळांना माहीत नसतं आणि बटणाला कुणी हात लावत नाही.

आठवड्याने फोन केला. तिने उचलला तेव्हा मागे मशीनची खडखड चालू होती. "थांबा, बारीक करते," ती म्हणाली, आणि मग मला ऐकू आलं की मशीनच्या आवाजाखाली आणखी कुणीतरी बोलत होतं.