सातव्या महिन्यातला

ठाणे, रविवार. पाऊस थोडा उघडलाय.

येऊरच्या चढावर तिशीतला माणूस धापा टाकू लागला की बरोबरचे त्याच्या पोटाकडे बघतात. तो कितव्या आठवड्यात जन्मला, हे कुणी विचारत नाही. 'सातव्या महिन्यातला, काचेच्या पेटीत होता' हे घरात कौतुकाने शंभरदा सांगून झालेलं असतं. केस पेपरवर मात्र ते कधीच चढत नाही.

फुप्फुसातले बहुतेक वायुकोश ३६व्या आठवड्यानंतर आणि जन्मल्यावरच्या पहिल्या काही वर्षांत तयार होतात. ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाचं हे काम ऑक्सिजन आणि व्हेंटिलेटरच्या माऱ्यात चालतं. मोठेपणी त्या धापेला सरसकट दमा म्हणून पंप हातात देतात. दम्यात नळ्या आवळतात आणि औषधाने सैल होतात. इथे त्या मुळातच अरुंद असू शकतात. म्हणून स्पायरोमेट्री (यंत्रात जोरात फुंकून श्वास मोजायची तपासणी) दोनदा करायची, एकदा तशीच आणि मग सालब्युटामॉल या नळ्या सैल करणाऱ्या औषधाचे ४ पफ घेऊन १५ मिनिटांनी. फुंकर हवा पूर्ण संपेपर्यंत टिकली पाहिजे, नाहीतर आकडा फसवा. तो फारसा हललाच नाही, तर पंप बदलत बसण्यात अर्थ नाही. सिगारेट मात्र अशा फुप्फुसांना दुप्पट महाग पडते. घोडबंदर रोडची धूळ आधीच पुरेशी आहे.

मूत्रपिंडाची गोष्ट जास्त गुपचूप. त्यातल्या गाळण्याही शेवटच्या तीन महिन्यांतच सर्वाधिक बनतात, आणि लवकर जन्मल्यावर ते काम काही आठवड्यांतच थांबतं. बनलेल्या थोड्याच गाळण्यांवर सगळा भार, म्हणून बीपी थोडं वरच. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने गाळायचा टाकाऊ पदार्थ) बराच काळ नॉर्मल दिसतं, त्यावर भिस्त नको. लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन)-क्रिएटिनिन गुणोत्तर बघावं, ३० मिग्रॅ/ग्रॅमच्या वर गेलं तर तपासणी पुन्हा. अंगदुखीवर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक मनाने घेऊ नयेत.

घरी बीपी मोजताना ५ मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पट्टा हृदयाच्या उंचीला. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा, ७ दिवस. पहिला दिवस सोडून सरासरी. १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर डॉक्टर.

लवकर जन्मल्यामुळे डोळ्यांच्या पडद्याला लहानपणी लेझर झालं असेल तर दरवर्षी पडदा तपासून घ्यावा. बाकी लवकर जन्मलेले बहुतेक जण नोकरी-संसारात मजेत असतात, हेही खरं.

आईला 'किती महिन्यांचा होतो' असं विचारू नये, उत्तर नेहमी 'सातव्या'च येतं. वजन किती होतं, पेटीत किती दिवस, श्वासाची नळी होती का, हे विचारावं. डिस्चार्ज कार्ड सापडलं तर शाई उडण्याआधी मोबाइलमध्ये फोटो.