सुईने न सुटलेली गाठ : थायरॉइडच्या निदानाचा माझा अनुभव

थायरॉइडच्या गाठीतून सुईने काढलेल्या पेशींचा अहवाल माझ्या हाती आला तेव्हा त्यावर 'फॉलिक्युलर निओप्लाझम, बेथेस्डा वर्ग ४' असे लिहिले होते, म्हणजे ग्रंथीतल्या संप्रेरक बनवणाऱ्या बारीक पिशव्यांच्या (फॉलिकलच्या) पेशींची गाठ, आणि खाली शस्त्रतज्ज्ञांना भेटण्याचा सल्ला होता. गाठ साधी आहे की कर्करोगाची, एवढेच मला जाणून घ्यायचे होते आणि नेमके तेच त्या कागदावर नव्हते. पेशी काचपट्टीवर आल्या, अनुभवी डॉक्टरांनी त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तरीही निश्चित उत्तर का मिळत नाही, हे समजून घेतल्याशिवाय शस्त्रक्रियेला होकार द्यायचा नाही, असे मी ठरवले.

गाठ सापडली ती कार्यालयातल्या वार्षिक आरोग्य तपासणीत. गिळताना गळ्याच्या उजव्या बाजूला काहीतरी वरखाली होते, असे तपासणाऱ्या डॉक्टरांच्या लक्षात आले. थायरॉइडचे काम नीट चालले आहे का हे सांगणारे रक्तातले संप्रेरक, टीएसएच, अगदी प्रमाणात होते. पार्ल्याला केलेल्या सोनोग्राफीत गाठ २.८ सेंटिमीटरची, भरीव आणि गुळगुळीत कडांची दिसली. कर्करोगाची शंका वाढवणारे कॅल्शियमचे बारीक कण किंवा वेड्यावाकड्या कडा तिच्यात नव्हत्या. आकार आणि भरीवपणा पाहून सुईची तपासणी सांगितली गेली, आणि घरात पहिला वाद त्यावरूनच झाला. "अगं, गाठीला टोचलं की ती चवताळते, हात लावू देऊ नकोस," असे सासूबाईंचे म्हणणे होते. ही समजूत मुंबईत काय, गावाकडे काय, सगळीकडे ऐकू येते. वास्तविक थायरॉइडमध्ये वापरतात ती सुई इंजेक्शनच्या सुईपेक्षाही बारीक असते आणि तिच्यामुळे कर्करोग पसरल्याची उदाहरणे अत्यंत विरळ आहेत. तपासणीच्या वेळी भूलही लागली नाही. "आता गिळू नका, बोलू नका" एवढीच सूचना होती. काढलेला थेंब एका काचपट्टीवर टाकून तो दुसरीने पसरला, काही पट्ट्या लगेच अल्कोहोलच्या बरणीत बुडवल्या आणि काही तशाच हवेत वाळत ठेवल्या, कारण दोन्हींना लावायची रंगद्रव्ये वेगळी असतात.

बेथेस्डा पद्धतीत अहवालाचे सहा वर्ग असतात. पहिल्या वर्गात नमुना अपुरा, दुसऱ्यात गाठ साधी, सहाव्यात कर्करोग, आणि मधले तीन वर्ग शंकेचे. चौथ्या वर्गातल्या गाठी काढून तपासल्यावर ढोबळमानाने दहापैकी तीन कर्करोगाच्या निघतात. म्हणजे बहुतेक जणींची गाठ साधीच असते, पण ती काढल्याशिवाय ते सिद्ध होत नाही.

आमच्या शस्त्रतज्ज्ञांनी यामागचे कारण समजावताना सुरुवात अगदी मुळापासून केली. साधी गाठ बहुधा हळू वाढते, तिच्या पेशी ज्या अवयवातून निघाल्या त्याच्यासारख्याच दिसतात, आणि मुख्य म्हणजे ती आपल्या जागी राहते. आजूबाजूच्या ऊतींना ढकलते, पण त्यांच्यात घुसत नाही. माझ्या वहिनीच्या गर्भाशयातला फायब्रॉइड चांगला संत्र्याएवढा होता आणि त्याने तिला रक्तस्रावाने जेरीस आणले होते, तरी तो साधाच होता. कर्करोगाच्या पेशींचे केंद्रक सहसा मोठे, गडद आणि एकमेकांशी न जुळणारे असते, पेशीविभाजन जास्त आणि कधी विकृत दिसते, पेशींची मूळ रचना बिघडते. मात्र निर्णायक खुणा दोन : आसपासच्या ऊतींमध्ये शिरकाव, आणि रक्तातून वा लसिकेतून (ऊतींमधून वाहणाऱ्या पातळ द्रवातून) दूरच्या अवयवांत प्रसार. प्रसार सापडला की चर्चा संपते. तो नसला तरी शिरकाव पुरेसा ठरतो. त्वचेचा बेसल सेल कार्सिनोमा दूर जवळजवळ कधीच जात नाही, पण जागच्या जागी खोलवर पोखरत जातो, म्हणून त्याची गणना कर्करोगातच होते.

फॉलिक्युलर गाठीत अडचण अशी की पेशींचे रूप काहीच सांगत नाही. साधा अॅडिनोमा आणि फॉलिक्युलर कार्सिनोमा या दोन्हींतल्या पेशी सारख्याच नीटनेटक्या दिसू शकतात. उलट अंतःस्रावी ग्रंथींच्या साध्या गाठींतही अधूनमधून भेसूर केंद्रके आढळतात आणि त्यांचा अर्थ कर्करोग असा होत नाही. थायरॉइडच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या पॅपिलरी कर्करोगाचे तसे नाही. त्याची फिकट, काचेसारखी, मध्ये खाच असलेली केंद्रके सुईच्या नमुन्यातही ओळखता येतात. फॉलिक्युलर कर्करोग ठरतो तो गाठीभोवतीचे तंतुमय आवरण ओलांडल्यावर किंवा रक्तवाहिनीत शिरल्यावर, आणि सुई तर गाठीच्या पोटातल्या सुट्या पेशी उचलून आणते. आवरण तिच्या हाती लागतच नाही. हे ऐकल्यावर अहवाल लिहिणाऱ्या डॉक्टरांवरचा माझा राग बराच निवळला.

थायरॉइडचा केवळ उजवा भाग काढायचे ठरले. शस्त्रक्रिया चालू असतानाच गोठवलेला काप तपासून निर्णय घेता येणार नाही का, असे मी विचारले, तेव्हा "मॅडम, त्यात एकदोनच काप बघता येतात आणि आपल्याला तर आवरण चहूबाजूंनी बघायचंय," असे उत्तर मिळाले. स्वरयंत्राची नस ग्रंथीच्या मागून जाते. तिला धक्का लागला तर आवाज बसतो. माझा आवाज पहिले काही दिवस दमल्यासारखा येत होता, नंतर पूर्ववत झाला. शस्त्रक्रियेबद्दल याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही.

खरे नाट्य सुरू झाले ते त्यानंतर. मुंबईतल्या छोट्या नर्सिंग होममध्ये काढलेला भाग बरणीत घालून नातेवाइकांच्याच हाती देण्याची पद्धत अजून आहे, आणि माझ्या यजमानांनी ती बरणी टॅक्सीत मांडीवर धरून प्रयोगशाळेत पोचवली. तेथे नेण्याआधी तीन गोष्टी पाहून घ्याव्यात, असे मी आता सगळ्यांना सांगते : नाव आणि अवयवाची बाजू बरणीच्या अंगावर लिहिलेली असावी, कारण झाकणांची अदलाबदल होऊ शकते, बरणी रुंद तोंडाची असावी, आणि १० टक्के फॉर्मलिन भरपूर, म्हणजे ऊतीच्या निदान दहापट असावे. ते कमी पडले तर आतला भाग कुजू लागतो आणि मग कितीही निष्णात पॅथॉलॉजिस्ट (पेशी आणि ऊती तपासून निदान करणारा डॉक्टर) असला तरी त्याच्यापुढे येतो तो खराब झालेला नमुना.

अहवालाला आठवड्याहून अधिक काळ का लागतो, याचेही उत्तर तेथेच मिळाले. ऊती फॉर्मलिनमध्ये घट्ट व्हाव्या लागतात. बाहेरच्या पृष्ठभागाला शाई लावून गाठीचे पातळ काप घेतात. आवरणाचा शक्यतो प्रत्येक भाग वेगवेगळ्या कॅसेटमध्ये, म्हणजे छोट्या प्लॅस्टिकच्या डबीत, ठेवतात. मग अल्कोहोलने पाणी काढून, झायलिनमधून नेऊन, मेण भरून ब्लॉक तयार करतात. आणि मायक्रोटोमवर त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप घेऊन रंगवतात. हिमाटॉक्सिलिनने केंद्रके निळीजांभळी होतात, इओसिनने बाकीचे सारे गुलाबी होते.

पहिल्या अहवालात 'आवरणात दोन ठिकाणी शिरकावाची शंका, अधिक खोल काप आणि दुसरे मत घ्यावे' असे होते. गाठ म्हटली की मुंबईकराच्या तोंडी एकच नाव येते. १९४१ साली परळला सुरू झालेले टाटा रुग्णालय एवढे मोठे झाले आहे की देशाच्या कानाकोपऱ्यातून लोक तेथे येतात. आम्हीही परळचाच रस्ता धरला, मात्र आमच्या शस्त्रतज्ज्ञांच्या ओळखीच्या, अंतःस्रावी ग्रंथींचा विशेष अभ्यास असलेल्या एका पॅथॉलॉजिस्टबाईंकडे. त्यांनी फक्त स्लाइड्स चालणार नाहीत, ब्लॉकही आणा, असे आधीच बजावले होते. स्लाइडवर असतो तो एकच काप. नवे आणि खोल काप घ्यायचे तर ब्लॉकच लागतो. पहिल्या प्रयोगशाळेत खिडकीवरच्या गृहस्थांनी "ब्लॉक देत नाही आम्ही" म्हणून आढेवेढे घेतले, पण लेखी अर्ज आणि ओळखपत्राची प्रत दिल्यावर ते मिळाले.

नवे काप झाल्यावर बाईंनी मला पडद्यावर ते दाखवले. गुलाबी आवरणाचा जाड पट्टा, त्याच्या आत खच्चून भरलेले निळ्या ठिपक्यांचे गोलाकार पुंजके, आणि पहिल्या शंकेच्या जागी आवरणाला पडलेली एक फट. फटीच्या कडेने तपकिरी कण विखुरलेले होते. "हे जुन्या रक्तस्रावाचं लोह. तुमची सुई इथून गेली होती," त्या म्हणाल्या. सुई शिरते तेथे आवरण फाटते, पेशी सरकतात, आणि काही आठवड्यांनी ते दृश्य शिरकावासारखे भासू शकते. घरी हे सांगितल्यावर सासूबाईंना आपलेच खरे झाल्याचा आनंद झाला. सुईने गाठ चवताळली नव्हती, फक्त पॅथॉलॉजिस्टचे काम वाढवले होते, हे त्यांनी कानांआड केले.

दुसरी जागा मात्र तशी सुटली नाही. खरा शिरकाव असला की गाठीचा कोंब आवरणाची पूर्ण जाडी भेदून पलीकडे अळंबीच्या छत्रीसारखा पसरतो. माझ्या गाठीचा कोंब आवरणात अर्ध्यावर अडकला होता आणि खोल कापांतही तो पलीकडे गेलेला दिसला नाही. रक्तवाहिन्यांत कोठेही पेशी नव्हत्या, आणि फॉलिक्युलर कर्करोग मुख्यतः रक्तामार्गे फुप्फुसांत व हाडांत जातो, म्हणून ही गोष्ट त्यांना अधिक महत्त्वाची वाटत होती. अशा अर्धवट शिरकावाबद्दल पॅथॉलॉजिस्टांत एकमत नसते. तीच स्लाइड दोघांना दाखवली तर दोन मते येऊ शकतात. अंतिम अहवालात लिहिले गेले : 'घातकतेची शक्यता अनिश्चित असलेली फॉलिक्युलर गाठ'. हा वर्ग जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात २०१७ पासून आहे. त्याच्या आदल्याच वर्षी तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने, आवरणाबाहेर न गेलेल्या एका प्रकारच्या थायरॉइड गाठीच्या नावातून 'कार्सिनोमा' काढून टाकण्याची शिफारस केली होती. सीमारेषा निसर्ग आखत नाही, समित्या आखतात, असे मला त्या क्षणी वाटले आणि त्याची भीती न वाटता थोडा दिलासाच वाटला.

या निदानामुळे उरलेली ग्रंथी काढावी लागली नाही, आणि उरलेल्या थायरॉइड पेशी नष्ट करणाऱ्या किरणोत्सारी आयोडीनचाही प्रश्न आला नाही. तो आला असता तर परळमध्येच १९६३ पासून चालू असलेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरची चौकशी आम्ही करून ठेवली होती.

विम्याच्या अर्जाने शेवटी करमणूक केली. त्यात गाठ 'साधी' आणि 'घातक' अशा दोनच चौकटी होत्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात प्रत्येक गाठीच्या सांकेतिक क्रमांकापुढे तिच्या वर्तनाचा एक अंक असतो : साधीसाठी ०, अनिश्चितसाठी १, जागच्या जागीच असलेल्या कर्करोगासाठी २ आणि शिरकाव केलेल्यासाठी ३. माझ्या गाठीचा अंक १, म्हणून मी दोन्ही चौकटी कोऱ्या ठेवल्या आणि शस्त्रतज्ज्ञांच्या सहीचे, तो अंक लिहिलेले पत्र सोबत जोडले. विचारणा होऊन थोडा उशीर झाला, पण रक्कम मिळाली.

आता ठरावीक काळाने टीएसएच आणि वर्षातून एकदा गळ्याची सोनोग्राफी करायची आहे. ब्लॉक मी घरीच ठेवले आहेत, गॅसपासून आणि उन्हापासून दूर, कारण ते शेवटी मेणाचेच असतात आणि पुढे कोणाला पुन्हा काप घ्यावेसे वाटले तर तेच लागणार आहेत.