दुधातला मासा

एके रात्री साडेनऊला आमच्या घरातले सगळे अलार्म एकदम कोकलायला लागले. आग नव्हती. मी मासे तळत होते.

स्कॉटलंडमध्ये फेब्रुवारी २०२२ पासून कायदाच आहे: दिवाणखान्यात आणि पॅसेजमध्ये धुराचा अलार्म, स्वयंपाकघरात उष्णतेचा, आणि सगळे एकमेकांना जोडलेले. एकाने बोंब मारली की बाकीचे सूर धरतात, गल्लीतल्या कुत्र्यांसारखे. खरीच आग लागली तर जीव वाचेल, मान्य. पण हा नियम करणाऱ्याने जन्मात कधी तव्यावर लसूण-तिखट लावलेली तुकडी टाकलेली नाही, हेही नक्की. स्वयंपाकघराचं दार जरा उघडं राहिलं, एवढाच माझा गुन्हा. बाहेर दोन डिग्री, घरातल्या खिडक्या सताड उघड्या, आणि नवरा स्टुलावर उभा राहून झाडूच्या दांड्याने बटण शोधतोय.

बरं, तळत होते ते तरी धड तळलं जात होतं का? तर नाही.

अ‍ॅबर्डीनला येऊन दीड वर्ष झालं. इथून पन्नासेक किलोमीटरवर पीटरहेड, पांढऱ्या मासळीचं मोठं बंदर. मला वाटलं, नाशिकच्या मुलीला आता काय कमी! आपल्याकडे समुद्राचा मासा कसारा घाट चढून बर्फातून येतो आणि येईपर्यंत दमलेला दिसतो. त्यामुळे आमच्या घराचा भरवसा धरणाच्या मासळीवर. रविवारी बाबा गंगापूर धरणाकडून मरळ आणायचे, जिवंत, बादलीत. आई ओंजळभर राख घेऊन तिचा बुळबुळीतपणा चोळून काढायची आणि मी लांबून किंचाळायचे. डोकं बाबांच्या ताटात, शेपटीकडची तुकडी माझ्या. जेवताना बोलायचं नाही, काटा अडकेल.

इथे अडकायला काटाच नाही. हॅडॉक नावाच्या इथल्या माशाची फिले म्हणजे वीतभर पांढरी पट्टी. डोकं नाही, शेपूट नाही, पनीर आणल्यासारखं वाटतं. दुकानदार एवढंच विचारतो, कातडी ठेवू की काढू? एकदा काउंटरवर अख्खा हॅडॉक दिसला, खांद्यावर अंगठा उमटवल्यासारखा काळा डाग असलेला, तेव्हा मी त्याचं डोकं मागितलं. "मांजर आहे का घरी?" मी म्हटलं, हो. फुकट दिलं त्याने, हे सांगायला हवं. आपल्याकडे डोक्यासाठी भांडण होतं. पण ज्या देशात डोकं मांजरासाठी असतं, त्यांनी आपल्याला मासे शिकवावेत हे मला तेव्हा तरी पटलं नसतं.

आणि चव? वाईट नाही. नाहीच. त्यात मी ती मरळीसारखीच वागवली: हळद, तिखट, आलं-लसूण, चिंचेचा कोळ लावून दोन तास ठेवली, मग रवा लावून कडक तव्यावर. उलथलं, तर अर्धी तव्याला चिकटलेली आणि अर्धी भुर्जी. चूक माझीच होती, हे नंतर कळलं. या माशाची चरबी सगळी त्याच्या लिव्हरमध्ये, मांसात जवळपास नाहीच. मांसाचे थर पातळ पडद्यांनी जोडलेले असतात आणि ते पडदे थोड्याशा उष्णतेनेच विरघळतात. त्यात दोन तास चिंच, म्हणजे तव्यावर पडायच्या आधीच मासा आंबटाने निम्मा शिजलेला.

अलार्मच्या त्या गदारोळात दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावरच्या आजी. ऐंशीच्या घरातल्या, पायात लोकरी सपाता, हातात भांडी पुसायचं फडकं. एक शब्द न बोलता पॅसेजमध्ये शिरल्या आणि अलार्मखाली फडकं पंख्यासारखं हलवायला लागल्या. दोन मिनिटांत शांतता. मग तव्यात डोकावून काहीतरी म्हणाल्या. त्यांची डोरिक बोली मला निम्मीच कळते ("फिट लाइक?" म्हणजे "कसं काय?", एवढं येतं), पण माशाची कीव केली हे चेहऱ्यावरून समजलं.

नाशिकला लग्नानंतर भाड्याचं घर बघताना "नॉनव्हेज चालणार नाही" हे मी चार ठिकाणी ऐकलंय. शेवटी घर मिळालं तिथल्या शेजारच्या काकू आमच्याकडे फोडणी पडली की धाडकन खिडकी लावायच्या. इथे धूर झाला तर बाई मदतीला वर आल्या. पण लगेच हुरळून जाऊ नका. त्याच काकूंनी मला डेंग्यू झाला तेव्हा पंधरा दिवस मुगाची खिचडी पाठवली होती. या आजींना माझं आडनावसुद्धा माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खाली बोलावलं. फिले कागदाने टिपून कोरडी केली, मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवली. पसरट भांड्यात कांद्याच्या चकत्या, तमालपत्र, चार मिरे. आणि मग वरून ओतलं दूध.

गाईचं दूध! माशावर!

मासे खाल्ल्या रात्री दूध मागितलं तर "कोड फुटेल" म्हणून आई पेला काढून घ्यायची. आयुर्वेदातही विरुद्ध आहारात हे नाव आहे. आणि इथे याच किनाऱ्यावरचं कलन गाव धुरावलेला हॅडॉक, बटाटा आणि दुधाच्या सुपासाठी प्रसिद्ध. मी आजींचे हात, गाल नीट निरखून घेतले. डाग होते, पण वयाचे.

दूध उकळू दिलं नाही त्यांनी. कडेने बारीक बुडबुडे दिसले की गॅस मंद. इंचभर जाडीला दहा मिनिटं, आमची जेमतेम अर्धा इंच, म्हणून पाचेक मिनिटं. सुरीचं टोक लावलं तर पाकळ्या आपोआप सुटल्या, आतलं काचेसारखं मांस दुधाळ पांढरं झालेलं. तव्यावर ज्याची भुर्जी झाली, तोच मासा इथे कमळासारखा उघडला. खाल्ला. गोडसर होता, आणि मागून समुद्र. तिखट हवं होतं. पण आवडला, काय करू?

आता मी घरी करते तेव्हा दुधात हळद, आलं आणि चिरलेली हिरवी मिरची घालते. चिंच अजिबात नाही, दूध फाटेल. वरून लसणाची फोडणी आणि आईने तीन पिशव्यांत गुंडाळून दिलेल्या काळ्या मसाल्याची चिमूट. धूर नाही, अलार्म गप्प. आणि कोकणात नारळाच्या दुधात मासे चालतात, मग गाईने काय घोडं मारलंय?

रविवारी व्हिडिओ कॉलवर आई नेमकी भांड्यात डोकावली.

"पांढरं काय गं ते?"

"नारळाचं दूध."

आई क्षणभर गप्प. "आपल्याकडे सुक्या खोबऱ्यापुढे कधी नारळ नाही गेला. तू कोकणातली कधी झालीस?" आणि मग, "कॅमेरा जरा जवळ ने बघू."

तेवढ्यात नेट गेलं. म्हणजे, मी घालवलं.