कोंबड्यांसाठीच्या अळ्या तपासून घेताना: माझा अनुभव

कोंबड्यांच्या खाद्यात अळी घालायची तर आधी प्रयोगशाळेतून तपासून घ्या, असं सगळेच सांगतात. ती तपासायला घेतं कोण, हे कुणी सांगत नाही. म्हणून हे लिहितोय.

अळ्या वाढवणं अवघड नाही. माझ्या अळ्या ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या. ही माशी चावत नाही, मोठी झाल्यावर फारसं काही खातही नाही. बाजारातल्या उरल्यासुरल्या भाजीवर अळ्या दोन-तीन आठवड्यांत तयार होतात. खरी गंमत नमुना जमा करायच्या खिडकीवर.

अर्जावर यादी होती: मका, सोयापेंड, भाताचा कोंडा, मासळीची भुकटी, शिंपले. अळी कुठेच नाही. ‘इतर’चा रकाना होता, पण त्याला अधिकाऱ्याचं पत्र लागतं म्हणे. पत्रासाठी जनावरांच्या दवाखान्यात गेलो. “अळी म्हणजे कीटक. कृषी खात्यात विचारा.” कृषी खात्यात नमुना बघून पहिला प्रश्न आला, “कोणत्या पिकावर पडलीय?” मी म्हटलं, पडलेली नाही, मी पाळलीय. समोरचे साहेब फवारणीचं औषध लिहून द्यायच्या तयारीत होते, पेन तसंच हातात राहिलं. पुन्हा खिडकी. “पत्र आणलं?” नाही. “मग आम्ही काय करणार?” तोवर माझ्या कापडी पिशवीला तेलाचे डाग पडलेले. ताज्या वाळवलेल्या अळीला भाजलेल्या शेंगदाण्यासारखा वास येतो, आमच्या नमुन्याला खवट यायला लागला होता. (तुम्ही नेलात तर हवाबंद बरणीत न्या. चरबी खूप असते, लवकर बिघडते.)

शेवटी आतल्या एका सहायकाने बाजूला घेऊन सांगितलं, “दादा, दळून आणा आणि वर ‘प्राणिजन्य प्रथिन, भुकटी’ लिहा. भुकटीला पाय नसतात.” ताज्या घाण्यातल्या अळ्या मिक्सरला फिरवून नेल्या, त्याच खिडकीवर पाच मिनिटांत पावती मिळाली. आनंद झाला, पण रागही काही कमी आला नाही.

अहवालात प्रथिनं चाळीस टक्क्यांच्या वर दिसली की लगेच हुरळू नका. प्रयोगशाळा नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणते. अळीच्या कवचातल्या कायटिनमध्येही नायट्रोजन असतो, त्यामुळे आकडा फुगतो. मी हिशेबात थोडा कमीच धरतो. प्रथिनांबरोबर चरबी आणि कॅल्शियमही मागून घ्या. अळीत कॅल्शियम भरपूर असतं, शिंपल्यांचं प्रमाण त्यावरून ठरवता येतं.

एवढा खटाटोप पोटासाठी, म्हणजे कोंबडीच्या. कोंबड्यांना दिल्या जाणाऱ्या कोलिस्टिन या प्रतिजैविकावर २०१९ मध्ये बंदी आली, आणि मला तर खाद्यातलं प्रतिजैविकच बंद करायचं होतं. अळीच्या चरबीत लॉरिक आम्ल असतं, खोबरेल तेलात असतं तेच. आतडी सडवणाऱ्या क्लॉस्ट्रिडियमसारख्या जिवाणूंना ते मानवत नाही. कायटिनही थोडं असेल तर आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंच्या कामी येतं. जास्त झालं तर मात्र पचन बिघडतं. इटलीत ब्रॉयलरवर चाचणी झाली होती. तिथे १५ टक्के अळीभुकटीवर आतड्यातले अन्न शोषणारे बारीक उंचवटे खुजे झालेले आढळले. मी ५ टक्क्यांवर सुरू केलं आणि तिथेच थांबलोय. लिटर (कोंबड्यांखाली पसरलेला भुसा) कोरडं राहतं, विष्ठा बांधून पडते, त्यावर पांढरी टोपी दिसते. रक्ती हगवण यानं थांबत नाही हं, तिच्यासाठी लिटर हलवत राहणं आणि डॉक्टरांचा सल्ला हेच.

हो, साल्मोनेला या रोगजंतूची तपासणी वेगळी असते. तिचा नमुना निर्जंतुक पिशवीत, बर्फावर, हात न लावता न्यायचा आणि शक्यतो सोमवारी द्यायचा. शुक्रवारी दिलात तर तो दोन दिवस तसाच पडून राहतो.