दसऱ्याच्या पाटावरचं शिंग

मी जुन्या वस्तूंच्या जतनाचं काम करते. ठाण्यात खारकर आळीतलं एक जुनं घर पाडायला निघालं होतं, तिथलं सामान बघायला गेले होते. समया, पंचपाळं, शिसवी पेटी बघून झाली आणि शेवटी आजींनी देवघराच्या फडताळातून एक शिंग काढलं.

म्हशीचं, वीतभर, हाताळून गुळगुळीत झालेलं. रुंद तोंडाला लाकडी बूच, टोकाला पितळेची तोटी, तिच्यावर चापाचं झाकण. खाचांत वर्षानुवर्षांचं हळदकुंकू बसलेलं. "दर दसऱ्याला पाटावर मांडतो. सासूबाई सांगायच्या, यात दारू आहे," आजी म्हणाल्या. नातू हसला. मी शिंग हलवलं, तर आत वाळूसारखी सळसळ.

तोटी कागदावर कलती केली. राईपेक्षा बारीक, कोनेदार, चकाकणारे काळे दाणे! "मॅडम, एक पेटवून बघू?" नातवाने काडेपेटी उचललीसुद्धा. मी त्याचा हात धरला. कोरडी राहिली तर ही बंदुकीची दारू शंभर वर्षांनीही तशीच भडकते. देवघरात समई तेवत होती, आणि दर दसऱ्याला या शिंगासमोर निरांजन ओवाळलं गेलं होतं.

समई शांत करवली, सगळ्यांना ओट्यावर आणलं आणि 112 ला फोन केला.

पथक येईपर्यंत आजी विचारत राहिल्या. सासूबाईंचा शब्द बरोबर होता. फारसीत दारू म्हणजे औषध. आपल्या दवादारूतली दारू तीच. ही काळी दारू जिथे जन्मली त्या चीनमध्येही तिचं नाव 'अग्नीचं औषध' असंच आहे. तिची लिखित कृती सापडते ती तिथल्या 1044 सालच्या युद्धग्रंथात. सोरा, गंधक आणि कोळसा, एवढाच ऐवज. सोरा म्हणजे जुन्या भिंतींवर, गोठ्यांच्या मातीत उमलतो त्या पांढऱ्या खाराचा सख्खा भाऊ. बिहारच्या लोणकट मातीतून काढलेला सोरा पाटण्याहून जहाजं भरभरून युरोपात जायचा.

मला त्या दाण्यांनी धरून ठेवलं होतं. सुरुवातीची दारू नुसती पूड असायची. गाडीच्या हादऱ्यांनी जड-हलकं वेगळं व्हायचं. पुढे ओला लगदा दाबून, फोडून, चाळून दाणे करायला लागले. दाण्यांमधल्या फटींतून ज्वाळा धावते, म्हणून बार जोरकस. तोटी पितळेची, कारण लोखंड घासलं तर ठिणगी पडते. शिंग बनवणाऱ्याने सगळा विचार केला होता.

तिथून चालत जाण्याच्या अंतरावर ठाण्याचा किल्ला, आता तुरुंग. 1737 मध्ये मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला. दोन वर्षांनी वसईचा बुरूज सुरुंगाने उडाला, तो याच काळ्या दारूने. आणि 1818 मध्ये रायगडाचं दारूकोठार इंग्रजांच्या तोफगोळ्याने पेटलं, तेव्हा जळत होती तीही हीच. हे सांगताना माझा आवाज चढला असावा, कारण आजींनी माझ्या हातावर हात ठेवला.

पथकाने दाणे आधी ओले केले. सोरा पाण्यात विरघळतो, मग उरतो नुसता कोळसा आणि गंधक. पंचनामा झाला, दाणे गेले, रिकामं शिंग घरात राहिलं.

"यंदा पाटावर ठेवू ना गं?" आजींनी विचारलं.

"ठेवा."

दसऱ्याआधी मी ते आतून धुऊन, सावलीत वाळवून दिलं. खाचांतल्या हळदकुंकवाला हात लावला नाही.