दणका किती वेगाने जातो

माझी शुगर १४ वर्षांची. पाणीपुरवठ्याची नोकरी ३१ वर्षांची, शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं गेल्या महिन्यापर्यंत वाटलं नव्हतं.

डॉक्टर मॅडमनी या वेळी नेहमीच्या रक्त-लघवीच्या तपासण्यांखाली एक नवीन ओळ लिहिली: पल्स वेव्ह व्हेलॉसिटी. म्हणाल्या, "नाडीची लाट मानेपासून जांघेपर्यंत किती वेगाने जाते ते मोजायचं. वेग जास्त म्हणजे मोठी रक्तवाहिनी ताठ झालीय."

मी खुर्चीत सरसावून बसलो. हे तर वॉटर हॅमरचं, नळातल्या पाण्याच्या दणक्याचं गणित!

लाईट जाऊन जॅकवेलवरचा, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीवरचा, पंप झटक्यात बंद पडला की रायझिंग मेनमध्ये, म्हणजे वरच्या टाकीकडे पाणी चढवणाऱ्या मोठ्या नळात, दाबाची लाट पळते. बिडाच्या पाइपात ती सेकंदाला हजार-अकराशे मीटर जाते. ३ किलोमीटरची लाईन असेल तर वरच्या टाकीपर्यंत जाऊन परत यायला साडेपाच सेकंद. त्याच जागी काळा एचडीपीई, म्हणजे प्लास्टिकचा, पाइप टाकला तर वेग दोन-तीनशेवर येतो, कारण भिंत थोडी फुगते आणि दणका पोटात घेते. आम्हाला पुस्तकात झुकोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाचं नाव होतं, १८९८ सालचं, मॉस्कोच्या नळांवरच्या प्रयोगांचं. घरी येऊन वाचलं तर त्याच्या २० वर्षं आधी, १८७८ साली, मोएन्स आणि कोर्टेवेग या दोन डच माणसांनी लवचीक नळीतल्या लाटेचं सूत्र मांडलेलं. भिंतीचा ताठपणा गुणिले जाडी, भागिले व्यास गुणिले द्रवाची घनता, आणि या सगळ्याचं वर्गमूळ. नाडीसाठी डॉक्टर आजही तेच वापरतात. नोकरीत असताना हे कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

तपासणी सकाळी होती. ३ तास आधीपासून चहा नाही, खाणं नाही. आधी दहा मिनिटं पाठीवर नुसतं पडून राहायचं. "काका, बोलू नका, पण झोपूही नका," असं तिथल्या मुलीने सांगितलं. छातीला ईसीजीच्या तारा लावल्या. मग पेन्सिलीसारखा एक सेन्सर मानेच्या नाडीवर हलकेच दाबून धरला. पडद्यावर लाटा उमटायला लागल्या, एकेक ठोक्याची सरळ चढण आणि मग उतार. नंतर तोच सेन्सर जांघेत. ईसीजीच्या टोकापासून मानेतली लाट उठेपर्यंत किती वेळ आणि जांघेतली उठेपर्यंत किती, या दोन्हींतला फरक मशीन काढतं. माझा फरक आला ४४ मिलिसेकंद.

आता अंतर. मुलीने टेप काढला आणि मानेपासून जांघेपर्यंत पोटावरून नेला. ६६ सेंटीमीटर. मला राहवलं नाही. म्हटलं, "बाळ, टेप पोटाच्या चढावरून जातोय, रक्तवाहिनी तशी जात नाही." ती जराही रागावली नाही. टेप शरीरावर न टेकवता वरून ताणून, सरळ रेषेत धरला. ६२. या अंतराचे ८० टक्के धरायचे अशी पद्धत आहे, म्हणजे ४९.६ सेंटीमीटर. त्याला ४४ मिलिसेकंदांनी भागलं की सेकंदाला ११.३ मीटर. पोटावरच्या टेपने बरोबर १२ आले असते. रक्तवाहिनी तीच, पण पोटाच्या घेराने ती पाऊण मीटरने जास्त ताठ ठरली असती. ज्यांना शुगर आहे त्यांतल्या बऱ्याच जणांचं पोट माझ्यासारखंच असतं, म्हणून हे इतकं सविस्तर सांगतोय.

हा वेग सेकंदाला १० मीटरच्या वर गेला की लक्ष द्यायचं. तरुण माणसात ५-६ असतं, वयाने वाढतंच, शुगर असेल तर लवकर वाढतं. त्या वेळचं बीपी जास्त असेल तरीही वेग वाढतो, म्हणून बीपीची नोंद सोबत हवीच. माझं होतं १४८ आणि ७०. वरचा आकडा वाढलाय आणि खालचा उतरलाय याचा मला आजवर आनंदच वाटायचा, "खालचं तर छान आहे ना!" मॅडमनी समजावलं ते मला माझ्या भाषेत लगेच कळलं. पंपाशेजारी आपण एअर व्हेसल, म्हणजे हवा कोंडलेली टाकी बसवतो, दाब वाढला की पाणी आत घेणारं आणि पंप थांबला की परत सोडणारं. हृदयाला लागून असलेली महाधमनी तेच काम करते. ती ताठ झाली की ठोक्याबरोबर दाब उसळतो आणि दोन ठोक्यांच्या मध्ये पडतो. शिवाय खालून परतणारी लाट लवकर येते, हृदय अजून रक्त ढकलत असतानाच. मूत्रपिंड आणि मेंदूच्या बारीक वाहिन्यांवर तो दणका थेट पोचतो.

भिंत ताठ का होते? रक्तातली साखर प्रथिनांना चिकटते. हिमोग्लोबिनला चिकटलेली आपण एचबीएवनसी म्हणून मोजतो, पण तांबड्या पेशी सुमारे १२० दिवसांत बदलतात, त्यामुळे तो हिशेब पुसला जातो. धमनीच्या भिंतीतलं कोलॅजन वर्षानुवर्षं तेच राहतं. साखरेने त्याचे धागे एकमेकांना बांधले की ते सहजी सुटत नाहीत. माझा एचबीएवनसी गेली दोन वर्षं ६.९ च्या आसपास आहे. त्याआधीची आठ-नऊ वर्षं मी गोळ्या विसरत होतो, साइटवर वडापाव आणि चहावर दिवस काढत होतो. ११.३ मध्ये ती वर्षंही आहेत.

हे सगळं ऐकताना मला सारखी दादाची आठवण येत होती. माझा थोरला भाऊ, ७१ वर्षांचा, शुगर २२ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी त्याच्या करंगळीला चपलेने लागलं. गावाकडच्या एका शिबिरात हाताचा आणि घोट्याचा दाब मोजला: हाताला १३०, घोट्याला १९०. गुणोत्तर १.४६. चिठ्ठीवर लिहून दिलं, "पायाचा रक्तपुरवठा उत्तम." ०.९ च्या खाली गेलं तर वाईट एवढंच तिथे कुणाला तरी ठाऊक होतं. वहिनी निर्धास्त झाली, आम्ही सगळेच झालो. जखम काही भरेना. दीड महिन्याने शहरात दाखवलं तेव्हा पायाचा एक्सरे काढला. त्यात हाडांच्या मधून रेल्वेच्या रुळांसारख्या दोन बारीक पांढऱ्या रेघा जात होत्या. एरवी धमनी एक्सरेत दिसतच नाही, दादाची दिसत होती, कारण भिंतीत कॅल्शियम साचलं होतं. अशी नळी बीपीच्या पट्ट्याने दाबली तरी दबत नाही. १९० हा आकडा त्या न दबणाऱ्या भिंतीचा होता, आतल्या रक्ताचा नव्हताच. पायाच्या अंगठ्याच्या वाहिन्या सहसा इतक्या कडक होत नाहीत, म्हणून तिथे छोटा पट्टा लावून मोजलं: ३९. हाताच्या दाबाशी गुणोत्तर ०.३. ते ०.७ च्या वर हवं.

करंगळी काढावी लागली.

घोट्याच्या आणि हाताच्या दाबाचं गुणोत्तर १.४ च्या वर आलं तर तो आकडा चांगला समजू नका, पायाच्या अंगठ्याचा दाब मोजून घ्या. घरात कुणाची शुगर जुनी असेल तर एवढं नक्की लक्षात ठेवा.

माझ्या बीपीची गोळी बदलली आहे, मीठ कमी केलंय, सकाळचं चालणं पाऊण तासाचं केलंय. वर्षाने पुन्हा मोजायचं ठरलंय. रिपोर्टवर नुसतं ११.३ छापून आलं होतं. मी त्याखाली पेनाने लिहून ठेवलंय: उजवी बाजू, सकाळी ८.४०, बीपी १४८/७०, अंतर ६२, टेप सरळ.