एचडी चॅनेल की डीव्हीडी : एकच सिनेमा, एकच टीव्ही, दोन वायरी

कागदावर हा सामना एकतर्फी आहे. पाल (आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत) डीव्हीडीची चौकट ७२० बाय ५७६ ठिपक्यांची, एचडी चॅनेलची १९२० बाय १०८०. गुणाकार करून पाहा, बरोबर पाचपट. तरीही एकच सिनेमा दोन्हीकडून एकाच टीव्हीवर लावला की निकाल दर सिनेमाला वेगळा लागतो. अशी तुलना बऱ्याच सिनेमांवर करता करता माझी एक पद्धत बसत गेली, ती इथे देतोय. वेळ एक संध्याकाळ. सामान म्हणजे टीव्ही, रेकॉर्डिंगची सोय असलेला एचडी सेट-टॉप बॉक्स, डीव्हीडी प्लेअर, दोन एचडीएमआय केबल, एक कॉम्प्युटर आणि एक मोजपट्टी.

सुरुवात डिस्कपासून. कपाटात ‘डीव्हीडी’ म्हणून जपलेल्या कित्येक डिस्क प्रत्यक्षात व्हीसीडी असतात, मराठी सिनेमांच्या तर हमखास. पाकिटात दोन डिस्क असतील आणि मध्यंतराला उठून दुसरी लावावी लागत असेल तर ती व्हीसीडी समजा. ३५२ बाय २८८ चं चित्र, तेही सेकंदाला १.१५ मेगाबिटमध्ये बसवलेलं. ती बाजूला ठेवा.

डीव्हीडी असेल तर आधी कॉम्प्युटरमध्ये घाला आणि व्हिडिओ टीएस हा फोल्डर किती जीबीचा आहे ते पाहा. एका थराच्या डिस्कवर ४.७ जीबी मावतात, दोन थरांच्या डिस्कवर ८.५ (विंडोज हेच आकडे ४.३७ आणि ७.९५ असे दाखवतं, घाबरू नका). अडीच तासांचा सिनेमा एका थरावर बसवला तर आवाजासकट सेकंदाला सरासरी ४.२ मेगाबिट मिळतात, दोन थरांवर ७.६. ‘थ्री इन वन’ डिस्कवर तीन सिनेमे मिळून साडेसात तास होतात, म्हणजे दोन्ही थर वापरले तरी जेमतेम अडीच मेगाबिट. अशा डिस्कवर गाणं सुरू झालं की मागचे नाचणारे लोक चौकोनी का होतात, त्याचं उत्तर ह्या भागाकारात आहे. प्लेअर कितीही महागाचा आणा, फरक पडणार नाही.

मग तीच डिस्क व्हीएलसी ह्या कॉम्प्युटरवरच्या प्लेअरमध्ये लावून कंट्रोल आणि जे दाबा. ७२० बाय ५७६ दिसलं तर पाल, ७२० बाय ४८० दिसलं तर एनटीएससी, म्हणजे अमेरिकेकडची पद्धत. हिंदी सिनेमांच्या डिस्क दोन्ही प्रकारच्या निघाल्या. एनटीएससी असली म्हणून वाईट नसते, पण पालच्या टेपवरून तिचं रूपांतर केलं असेल तर मात्र घोटाळा. ओळखायला सोपं आहे : व्हीएलसीमध्ये ई दाबत एकेक फ्रेम पुढे सरकवा. कुणी हात हलवत असेल आणि त्या हाताशेजारी दुसऱ्या हाताची फिकट सावली दिसली, तर दोन फ्रेम एकमेकींत मिसळल्या आहेत. हा दोष डिस्कमध्येच भाजलेला असतो, घरी निघत नाही.

ह्याहून मोठा मुद्दा काळ्या पट्ट्यांचा, आणि माझ्या मते निम्मा निकाल इथेच लागतो. आपले बहुतेक मोठे सिनेमे २.३५:१ रुंदीचे, म्हणजे उंचीच्या २.३५ पट रुंद. डिस्क १६:९ साठी नीट बनवली असेल तर ५७६ पैकी ४३६ ओळींत सिनेमा असतो. जुन्या ४:३ टीव्हीसाठी बनवलेल्या डिस्कमध्ये पट्ट्या चित्रातच छापलेल्या असतात, तिथे पालमध्ये ३२७ आणि एनटीएससीमध्ये फक्त २७२ ओळी सिनेमाच्या वाट्याला येतात. एचडीत तोच आकडा ८१७. अशी डिस्क आजच्या टीव्हीवर लावली की वर-खाली आणि डावी-उजवीकडे, चारही बाजूंनी काळं दिसतं, आणि मधल्या खिडकीत सिनेमा. झूम केलं की खिडकी मोठी होते, ओळी तेवढ्याच राहतात. २७२ ओळींची डिस्क बऱ्यापैकी कुठल्याही एचडी प्रक्षेपणापुढे हरते. ४३६ ओळींची, दोन थरांची डिस्क असेल तर मात्र पुढचं सगळं करण्यात मजा आहे.

आता वायरी. बॉक्स एचडीएमआय १ ला, प्लेअर एचडीएमआय २ ला. बॉक्स एचडी आहे पण टीव्हीला लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांनी जोडलाय, असं अजूनही दिसतं. पिवळ्या पिनेतून एचडी जातच नाही. प्लेअरला एचडीएमआय नसेल तर हिरवी-निळी-लाल अशी तीन पिनांची कंपोनंट वायर वापरा. पिवळ्या पिनेत रंग आणि उजेड एकाच तारेतून जातात, त्यामुळे लाल अक्षरांच्या कडेने मुंग्या चालल्यासारखे ठिपके सरकतात आणि दोष उगाच डीव्हीडीच्या माथी येतो. एचडीएमआय केबल दोनशेची घ्या नाहीतर दोन हजारांची, चित्र तेच. केबल खराब असेल तर पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात किंवा चित्र जातं-येतं, ते ‘थोडं कमी स्पष्ट’ कधी होत नाही.

बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन रेझोल्यूशन १०८०आय करा (आय म्हणजे एक सोडून एक अशा ओळी, आळीपाळीने). नव्या बसवलेल्या बॉक्सवर ते ५७६ किंवा ७२० वर राहिलेलं असू शकतं, आणि मग महिनोन्महिने एचडीचे पैसे भरून लोक त्याहून कमी बघत असतात. आपल्याकडचे एचडी चॅनेल १०८०आयमध्येच येतात, तेव्हा बॉक्सने मध्ये काही न करता ते तसंच टीव्हीला द्यावं हे उत्तम. चॅनेलचा क्रमांकही पाहून घ्या. त्याच चॅनेलचा साधा क्रमांक वेगळा असतो आणि सवयीने बोट तिकडेच जातं.

प्लेअरवर एकदा ५७६पी आणि एकदा १०८०पी (पी म्हणजे सगळ्या ओळी एकदम) असं दोन्ही लावून पाहा. कौलांच्या कडा, जिन्याचे कठडे, तिरक्या तारा बघा. ज्या सेटिंगवर त्यांना पायऱ्या पडत नाहीत ते ठेवा. दोन्हींत लाल किंवा हिरव्या रंगाची छटा बदलत असेल तर ५७६पी घ्या. स्वस्त प्लेअर चित्र मोठं करताना एचडीच्या रंगांचं गणित लावायला विसरतात.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये सगळ्यात जास्त फसगत होते, कारण बहुतेक टीव्हींत ती प्रत्येक एचडीएमआयसाठी वेगळी साठवली जातात. एका पोर्टवर ‘व्हिव्हिड’ आणि दुसऱ्यावर ‘सिनेमा’ असेल तर तुम्ही चॅनेल आणि डीव्हीडीची नव्हे, दोन सेटिंगची तुलना करताय. दोन्हीकडे ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ मोड लावा. नॉइज रिडक्शन, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, हालचाल गुळगुळीत करणारं जे काही नाव असेल ते, सगळं बंद. शार्पनेस ठरवायला नामावली थांबवा : पांढऱ्या अक्षरांभोवती जी उजळ किनार दिसते ती नाहीशी होईपर्यंत आकडा खाली आणा. काही टीव्हींत तो शून्यावर जातो, काहींत पन्नासवरच चित्र मूळ असतं. मग चित्राचा आकार. एलजीत ‘जस्ट स्कॅन’, सॅमसंगमध्ये ‘स्क्रीन फिट’, सोनीत ‘फुल पिक्सेल’. हे केलं नाही तर टीव्ही कडा कापून उरलेलं चित्र ताणतो, आणि एचडीची धार तिथेच बोथट होते. शेवटी ब्लॅक लेव्हल : सिनेमाची काळी पट्टी राखाडी दिसत असेल किंवा काळ्या केसांचा नुसता गोळा होत असेल तर ते सेटिंग उलट करून बघा.

चॅनेलवर सिनेमा लागेल तेव्हा रेकॉर्ड करा. एक तर थांबवून पाहता येतं, शिवाय चॅनेल किती घट्ट दाबलंय ते कळतं. रेकॉर्डिंगआधी आणि नंतर उरलेली जागा बघा. एका तासाला ३.६ जीबी गेली तर सेकंदाला ८ मेगाबिट, २.७ गेली तर ६. (फाइल कुलूपबंद असते, कॉम्प्युटरवर चालणार नाही, त्या खटाटोपात पडू नका.) चित्र दाबून लहान करायला एचडी चॅनेल एच.२६४ ही पद्धत वापरतात आणि डीव्हीडी एमपेग-२. एच.२६४ साधारण निम्म्या बिटांत तेच काम करतं. पण ठिपके पाचपट आहेत. म्हणजे प्रत्येक ठिपक्यामागे हिशोब केला तर चॅनेलचा हात चांगल्या डीव्हीडीपेक्षा जास्त आखडलेला असतो. त्यातच उपग्रहाच्या एका ट्रान्सपाँडरवरची (सिग्नल परत खाली पाठवणाऱ्या यंत्रावरची) क्षमता बरेच चॅनेल वाटून घेतात, शेजारच्या चॅनेलवर क्रिकेट असेल तर तुमच्या सिनेमाच्या वाट्याचे बिट कमी होऊ शकतात.

आता प्रत्यक्ष बघणं. मी चार जागा निवडतो. उजेडातला चेहरा : पापण्या, दाढीचे खुंट. पैठणी किंवा कुठलाही जरीचा काठ. अंधारी खोली आणि तिच्यात एकच दिवा. आणि गर्दी, त्यातही मिरवणूक मिळाली तर उत्तमच, कारण गुलाल उधळला की कुठल्याही एन्कोडरची, म्हणजे चित्र दाबणाऱ्या यंत्राची, परीक्षा होते. हवेतल्या प्रत्येक कणाची हालचाल वेगळी, आधीच्या फ्रेमवरून काही अंदाजच बांधता येत नाही, आणि मोजक्या बिटांत ते मावत नाही. खऱ्या एचडी मास्टरवरून (मूळ प्रतीवरून) आलेल्या सिनेमात चेहरा आणि जरीचा काठ ह्या दोन्ही ठिकाणी चॅनेल सरळ जिंकतं. डीव्हीडीत जरीचा काठ म्हणजे पिवळा पट्टा, एचडीत बुट्टे मोजता येतात. गुलाल उडाला की मात्र चॅनेलवर लाल चौकोन होतात आणि डीव्हीडीवर मऊसर का होईना, धूळच राहते. अंधाऱ्या भिंतीवर चॅनेलमध्ये दिव्याभोवती कडे पडतात, एकात एक, नकाशातल्या उंचीच्या रेषांसारखे.

चेहऱ्यातही चॅनेल मऊ दिसत असेल तर कोपऱ्यातला चॅनेलचा लोगो पाहा. लोगो प्रसारणाच्या वेळी एचडीत चिकटवलेला असतो. लोगोची कड सुरीसारखी आणि शेजारचं चित्र धूसर, तर चॅनेलने जुनी साधी टेपच मोठी करून लावली आहे. जुन्या सिनेमांच्या बाबतीत हे वारंवार घडतं, आणि अशा वेळी दोन थरांची चांगली डीव्हीडी बरोबरीला येते, क्वचित पुढेही जाते. लोगोही धूसर असेल तर दोष तुमच्याकडे : बॉक्सचं रेझोल्यूशन पुन्हा बघा. डिश हलवायला कुणाला गच्चीवर चढवू नका. डिजिटल सिग्नल कमी झाला तर चित्र फुटतं, अडकतं, जातं. धूसर होत नाही.

एवढं सगळं करून ‘मला तर काही फरक दिसला नाही’ म्हणणारे असतात, आणि बहुतेकदा ते खरं बोलतात. निरोगी डोळ्याला साधारण एक कलेइतकं, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाइतकं, बारीक दिसतं. त्यावरून हिशोब मांडला तर १०८० ओळी पूर्ण दिसायला टीव्हीच्या उंचीच्या सव्वातीन पटीत बसावं लागतं, आणि सहा पटींच्या पलीकडे गेलं की ५७६ आणि १०८० सारखेच. ३२ इंची टीव्हीची उंची ४० सेंटीमीटर, म्हणजे आठ फुटांपलीकडे एचडीचा फायदा संपला. ४३ इंचीला ही सीमा साडेदहा फूट, ५५ इंचीला साडेतेरा. दहा फुटांवरच्या सोफ्यावरून ३२ इंची बघणाऱ्याने बारकाव्यासाठी एचडी पॅक घेण्यात हशील नाही.

मोजपट्टी आता काढा. ४३ इंची पडद्यावर २.३५:१ च्या सिनेमाला वर आणि खाली साडेसहा-साडेसहा सेंटीमीटर काळी पट्टी असायला हवी. चॅनेलवर पडदा पूर्ण भरला असेल तर सिनेमाच्या रुंदीचा २४ टक्के भाग कापला गेला. दोन माणसं समोरासमोर बोलताना एकाचं नुसतं नाक दिसतं ते ह्याचमुळे. डीव्हीडीवर हे सहसा होत नाही. टीव्हीवर फक्त यू आणि यूए प्रमाणपत्राचे सिनेमे दाखवता येतात, त्यामुळे ‘ए’ सिनेमा चॅनेलवर आला तर कापून, नवं प्रमाणपत्र घेऊनच आलेला असतो. वेगाच्या बाबतीत कुणीच साधू नाही. सेकंदाला २४ फ्रेमचा सिनेमा पाल डीव्हीडी २५ ने चालवते, आणि आपले चॅनेलही त्याच २५ च्या घरातले. अडीच तासांचा सिनेमा १४४ मिनिटांत उरकतो आणि गाण्याची पट्टी अर्ध्या सुराहून थोडी कमी चढते. हार्मोनियमवर सूर धरून बघणाऱ्याला ते लगेच खटकतं. मूळ २४ फ्रेमवरून नीट काढलेली एनटीएससी डिस्क इथे एकटी बरोबर असते, तिच्या ओळी कमी असल्या तरी.

आवाज पटकन सांगतो. डीव्हीडीत ५.१ डॉल्बी (पाच स्पीकर आणि एक वूफर) असेल तर ४४८ किलोबिटपर्यंत मिळतो. चॅनेलवर काही सिनेमांना ५.१ असतो, काहींना नुसता दोन स्पीकरचा स्टिरिओ. बॉक्सच्या ऑडिओ मेनूत ‘डॉल्बी’ निवडलेलं नसेल तर असूनही मिळत नाही, आणि होम थिएटर लावलेलं असेल तर जाहिरात सुरू होताच ॲम्प्लिफायर खट् करून स्टिरिओवर जातो. त्या खट् वरून सिनेमाचा ५.१ खरा होता हे मात्र कळतं.